८.२ टक्के आणि माझी उधारीची वही

मोंढ्याजवळचा | ७ डिसेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतो, लिहितो कमी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे, वडिलांनी १९८४ साली टाकलेलं. मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, हाकेच्या अंतरावर. त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक शेतकरी-शेतमजूर आणि निम्मं गावातलं नोकरदार.

नोव्हेंबर संपता संपता बातमी आली की जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था ८.२ टक्क्यांनी वाढली आणि लोकांचा स्वतःचा खर्च ७.९ टक्क्यांनी. मुलगा पुण्यात शिकतो. त्यानं फोनवर हे वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, दुकानात जाणवतंय का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. रात्री शटर ओढल्यावर वही काढून बसलो.

गल्ला वाढलाय, हे आधी कबूल करतो. गेल्या दिवाळीपेक्षा यंदाची दिवाळी आकड्यात मोठी झाली. पण मग मी एक केलं. जी मोठी बिलं आठवत होती त्यांच्यापुढं पेन्सिलीनं लिहीत गेलो, की हा पैसा कुठून आला. आणि तिथंच माझी झोप उडाली.

नोकरदारांची बिलं खरंच फुगलीत. शिक्षक, बँकेतली माणसं, पाटबंधारे खात्यातले. बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही, हे फेब्रुवारीत ठरलं, आणि २२ सप्टेंबरपासून साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट, बिस्किटं यांचा जीएसटी १८ वरून ५ वर आला. पूर्वी अर्धा किलो काजू न्यायचे ते किलो नेतात. तुपाचा डबा वर्षभरात एकदा मागणारे दोनदा मागतात. हा पैसा पगाराचा, हातातला.

आता दुसरी बाजू. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. डिस्ट्रिब्युटरचा माणूस नव्या दराची यादी घेऊन आला तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता, आणि रस्त्यापलीकडच्या शिवारात सोयाबीन कमरेइतक्या पाण्यात उभं होतं. साबण स्वस्त झाला त्या आठवड्यात माझं निम्मं गिऱ्हाईक पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या मागे होतं. दसऱ्याला दरवर्षी नवं सोयाबीन मोंढ्यात येतं, आडत्याकडून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे, घेऊन माणूस थेट माझ्याकडं येतो आणि पावसाळ्याची उधारी मिटवतो. ही आमची चाळीस वर्षांची रीत. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला वहीत ६१ खाती थकलेली होती. यंदा ९४.

तरी त्याच घरांतून दिवाळीला खरेदी झाली. कशावर? काहींनी सोनं ठेवलं. काहींच्या घरी लाडक्या बहिणीचे दीड हजार आले, ते दोन दिवसांत दुकानात उतरले. ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्यांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि त्यातून माझं जुनं बिल देऊन नवा बाजार भरला, म्हणजे जी मजुरी अजून झालेलीच नाही तिच्यावर दिवाळी झाली. आणि समोरच्या मोबाईलच्या दुकानात निम्म्याहून जास्त फोन हप्त्यावर गेले.

एक प्रसंग सांगतो. एक पोरगा आहे, बावीस-तेवीसचा. सोयाबीन काढणी गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, घेतो, एरवी मोंढ्यात हमाली करतो. धनत्रयोदशीला अठरा हजारांचा फोन घेऊन पेढे द्यायला आला. खुश होता, मलाही बरं वाटलं. नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात त्याची आई आली. पाव किलो साखर, पन्नास रुपयांची तूरडाळ, एक रुपयाच्या शाम्पूच्या चार पुड्या. "मांडून ठेवा, दादा" म्हणाली. मी वही उघडली तर आधीचे २,३०० होते. काढणीच झाली नव्हती, तर गुत्त्याचे पैसे कुठून येणार. फोनचा हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो, तो काही थांबत नाही. सरकारच्या हिशेबात तो अठरा हजारांचा फोन खर्च म्हणून धरला गेला असेल. माझ्या वहीतली थकबाकी कुठं धरली जाते?

मला राजकारण करायचं नाही. वाढ झाली तर मला आनंदच आहे, माझं पोट गिऱ्हाइकाच्या खर्चावर आहे. फक्त एवढं विचारायचंय: तुमच्या भागात खर्च वाढलाय का, आणि तो कुठल्या पैशातून होतोय?

हडपसरकर | ७ डिसेंबर, रात्री ११.२५

दादा, मनापासून लिहिलंय, पण एका तालुक्याच्या वहीवरून देशाचा अंदाज बांधू नका. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जे झालं ती आपत्ती होती. त्याच महिन्यात देशात इतरत्र लोक गाड्या बुक करत होते. माझ्या सोसायटीत दसरा ते दिवाळी सात नव्या गाड्या आल्या. छोट्या गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, म्हणजे सात-आठ लाखांच्या गाडीत साठ-सत्तर हजार वाचले. करात वाचलेले पैसे मीही खर्च केले, आईवडिलांसाठी एसी घेतला. हा खोटा खर्च नाही ना? कोणीतरी तो एसी बनवला, आणला, बसवला. त्यांना मजुरी मिळाली.

आणि हप्त्यावर घेणं म्हणजे वाईट, असं का मानायचं? माझ्या वडिलांनी स्कूटर हप्त्यावरच घेतली होती.

सांख्यिकी | ८ डिसेंबर, सकाळी ७.१०

दोघांचंही म्हणणं एका चौकटीत बसतं. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

भारताच्या जीडीपीत घराघरांतला खर्च साठ टक्क्यांच्या थोडा वर आहे. चीनमध्ये हेच प्रमाण चाळिसाच्या आसपास आहे. म्हणजे आपली गाडी कारखान्यांच्या गुंतवणुकीपेक्षा तुमच्या दुकानातल्या पिशवीवर जास्त चालते. तरी या दोन गोष्टी नेहमी जोडीनं चालतात असं नाही. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांत २०२३-२४ ची वाढ ८.२ टक्के होती आणि घरगुती खर्चाची फक्त ४. पुढे दोन्ही आकडे सुधारून वर गेले, पण दरी राहिलीच. २०२४-२५ मध्ये उलट झालं: वाढ ६.५, खर्च ७.२. म्हणून एका तिमाहीवरून निकाल लावू नये, हे हडपसरकरांचं बरोबर.

आता दादांच्या वहीशी थेट जोडलेली गोष्ट. या तिमाहीत ८.२ ही महागाई वजा केल्यानंतरची वाढ आहे. महागाई न वजा करता, म्हणजे चालू किमतींत, वाढ ८.७ आहे. दोन्हींत अंतर फक्त अर्ध्या टक्क्याचं. एरवी ते तीन-चार टक्के असतं. याचं कारण भाव पडलेत. ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्के होती, ही मालिका सुरू झाल्यापासून सर्वांत कमी, आणि खाद्यपदार्थांचे भाव वर्षापूर्वीपेक्षा ५ टक्क्यांनी खाली होते. पुण्यातल्या घराला हे वरदान आहे, भाजी-डाळीत वाचलेले पैसे एसीत जातात. पण तीच स्वस्ताई शेतकऱ्याच्या पट्टीत तूट म्हणून उतरते. डाळ स्वस्त झाली म्हणजे तुरीचा भाव पडला. तुरीची आयात मार्च २०२६ पर्यंत शुल्कमुक्त ठेवायचं ठरलं होतं. देशातल्या जवळपास ४६ टक्के काम करणाऱ्यांचं पोट शेतीवर आहे, म्हणून शहराचा फायदा आणि गावाचा तोटा ही एकाच नाण्याची दोन तोंडं होतात, आणि सरासरी काढली की दोन्ही दिसेनाशी होतात.

सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीबद्दलही सांगते, कारण ती फार थोडे लोक वाचतात. २०११-१२ मध्ये ग्रामीण भागात दरडोई दरमहा खर्च १,४३० रुपये होता, २०२३-२४ मध्ये ४,१२२. शहरी २,६३० वरून ६,९९६. महागाई वजा केली तरी वाढ आहे, ती नाकारणं अन्यायाचं होईल. गावातल्या खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० ला ५९ टक्के होता, तो ४७ वर आलाय. पण ४,१२२ ही सरासरी आहे. तळातल्या पाच टक्के ग्रामीण लोकांचा खर्च १,६७७ रुपये, म्हणजे दिवसाला छप्पन्न रुपये. त्यात जेवण, कपडे, औषध, एसटीचं भाडं, सगळं.

मधली २०१७-१८ ची पाहणी जाहीरच झाली नाही. आकडेवारीच्या दर्जाचं कारण देऊन ती २०१९ मध्ये बाजूला ठेवली गेली. नोटाबंदीनंतरच्या आणि जीएसटी लागू झाल्याच्या त्या वर्षात गावं कशी जगली, याचं अधिकृत चित्र आपल्याकडं नाही. अभ्यासक म्हणून मला ही जागा रिकामी असल्याचं फार वाईट वाटतं.

सीनाकाठ | ८ डिसेंबर, दुपारी १.४५

ताई, तुम्ही पट्टीचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, सीना नदीच्या काठावर. सप्टेंबरात नदी अशी आली की पंचावन्न वर्षांच्या आमच्या चुलत्यांनी असं पाणी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तीन एकर कांद्याचं रोप गेलं, एक एकर ऊस आडवा झाला, आणि रानातली वरची माती गेली. माती गेली हे शहरातल्या माणसाला कळत नाही. पीक पुढल्या हंगामात येतं. वीतभर काळी माती आजोबांच्या काळापासून साठलेली असते.

सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, कोरडवाहूला हेक्टरी १८,५००. ज्यांना मिळालं त्यांना आधार झाला, खोटं का बोलू. त्यातले निम्मे रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याच्या बियाण्याला आणि ट्रॅक्टरच्या भाड्याला गेले.

माझ्या मेव्हण्याचं सोयाबीन थोडं वाचलं होतं. हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता. माल डागी आणि ओला म्हणून त्याला ३,६०० नं घालावा लागला. खरेदी केंद्रावर ओलाव्याचं माप लावतात, १२ टक्क्यांच्या वर चालत नाही. पाण्यात उभं राहिलेलं सोयाबीन १२ टक्क्यांवर आणायला ऊन लागतं, जागा लागते, ताडपत्री लागते आणि चार दिवस थांबायची ऐपत लागते. त्याच्याकडं शेवटचीच गोष्ट नव्हती.

२०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळे खर्च जाऊन दोन रुपयांचा चेक मिळाला होता, तुम्ही वाचलं असेल. त्या महिन्यात कुठल्याशा शहरात कांदा स्वस्त झाला म्हणून कुणाच्या तरी घरी शंभर रुपये वाचले असतील, आणि त्यांनी ते कशावर तरी खर्चले असतील. तो खर्च वाढीत आला. आमच्या इथं त्या वर्षी एका पोराचं लग्न पुढं ढकललं, ते मात्र कुठं आलं नाही.

मोंढ्याजवळचा | ८ डिसेंबर, रात्री ९.५०

सीनाकाठ भाऊ, वाचून गलबलून आलं. आमच्याकडंही मांजरा-तेरणाच्या काठचं असंच आहे.

हडपसरकर, तुमचा एसी खोटा खर्च आहे असं मी म्हणणार नाही. आईवडिलांसाठी घेतला, चांगलं केलंत. आणि वडिलांच्या स्कूटरचं म्हणाल, तर त्यांचा पगार दर वर्षी वाढत होता, हप्ता तेवढाच राहत होता. दोन वर्षांनी तो हप्ता हलका वाटायला लागला असेल. आमच्या हमाल पोराची मजुरी किती वाढली, हे मी त्याला आज विचारलं. २०१९ ला मोंढ्यात दिवसाला साडेचारशे पडायचे, आज साडेपाचशे. तेव्हा माझ्याकडं गोडेतेलाचा लिटर नव्वदच्या आत होता, आज दीडशेच्या वर आहे. बाकी हिशेब तुम्हीच करा.

सांख्यिकी ताई, आभार. ८.२ आणि ८.७ मधलं अंतर मला पहिल्यांदा कळलं. मी दुकानदार, मला रुपयातलंच कळतं.

निवृत्त_कॅशियर | ९ डिसेंबर, सकाळी ६.३०

पस्तीस वर्षं काउंटरच्या आत काढली. लोक बँकेत पैसा घेऊन यायचे ते दिवस पाहिले आणि पैसा न्यायला यायचे तेही.

एक आकडा माझ्या मनातून जात नाही. २०२२-२३ मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह वगैरेतून कर्ज वजा करून उरलेली, जीडीपीच्या ५.१ टक्क्यांवर आली. जवळजवळ पन्नास वर्षांतला नीचांक. अर्थ मंत्रालयाचं म्हणणं होतं की लोक घरं आणि गाड्या घेतायत, म्हणून ठेवी कमी दिसतात. त्यात तथ्य आहे, घर ही बचतच आहे. पण रिझर्व्ह बँकेलाही काळजी वाटली असणार, कारण नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण वैयक्तिक कर्जांचं जोखीम-वजन १०० वरून १२५ टक्के केलं. साध्या शब्दांत, असं कर्ज देणं बँकांना महाग केलं.

ते दार थोडं बंद झालं तसं लोक सोन्याच्या दाराकडं वळले. यंदाच्या एप्रिलमध्ये तोळा लाखावर गेला. पूर्वी दोन तोळ्यांच्या पाटल्यांवर जेवढं मिळायचं त्याच्या दुप्पट मिळायला लागलं. निवृत्तीनंतरही कधी शाखेत जाऊन बसतो, तर सोनेतारणाची रांग सकाळी दहालाच लागलेली असते. रांगेत बायका जास्त. मंगळसूत्र शेवटी काढतात, आधी कानातलं. मूल्यांकन करणारा सोनार दगडावर घासून बघतो तेव्हा त्या दुसरीकडं बघतात. हे मी हजार वेळा पाहिलंय आणि अजून सवय झाली नाही.

यातलं कर्ज कशासाठी, असं विचारलं तर एका काळी उत्तर असायचं विहीर, बैल, मुलीचं लग्न. आता बरेचदा उत्तर येतं, "आधीचा हप्ता भरायचाय."

गोधडी | ९ डिसेंबर, दुपारी ३.१५

दादा आणि काका, एका बाईनं लिहायला हवं असं वाटलं.

मी बीड जिल्ह्यात बचत गटांचं काम करते, अकरा वर्षं झाली. लाडक्या बहिणीच्या पैशाबद्दल शहरात बोललं जातं तेव्हा मला त्रास होतो. दीड हजारात बाई काय करते हे मी माझ्या गटात वहीवर लिहून घेतलंय. पोरांची वह्या-पुस्तकं आणि शिकवणीची फी. स्वतःची औषधं, जी ती वर्षानुवर्षं पुढं ढकलत होती: रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा. गटाचा हप्ता. आणि हो, थोडं खाणं, पोरांना बिस्किटं, सणाला गोडेतेल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी पहिले तीन हजार आले तेव्हा माझ्या गटातल्या एका साठीच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं स्वतःला साडी घेतली. साडेचारशेची. मी तिच्याबरोबर दुकानात होते. तिनं दुकानदाराला पाच साड्या परत ठेवायला लावल्या आणि सहावी घेतली. निवडायला मिळणं काय असतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

या खर्चाला मी कधीच उधळपट्टी म्हणणार नाही. गावच्या बाजारात हाच पैसा फिरतो, दादांच्या गल्ल्यात येतो. पण दादा विचारतात तो प्रश्न मलाही पडतो, की हे पैसे थांबले तर? ई-केवायसीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडावर तीच भीती होती. त्यांना कामाची मजुरी वाढून हवीय. खुरपणीला आमच्याकडं बाईला तीनशे, गड्याला पाचशे. काम तेच, ऊन तेच.

दुसरं, खासगी कंपन्यांचे गटकर्ज. आमच्या बचत गटाचं व्याज वेगळं आणि दारात येऊन दर आठवड्याला वसुली करणाऱ्यांचं वेगळं. एकाच बाईच्या नावावर चार-चार ठिकाणची कर्जं. एकीचं फेडायला दुसरीकडून घ्यायचं. काका म्हणाले ते "आधीचा हप्ता भरायचाय" आमच्या गावात रोजचं वाक्य आहे.

मेकाँग | ९ डिसेंबर, रात्री ८.०५

मी सहा वर्षं व्हिएतनाममध्ये नोकरीला आहे, मूळची कोल्हापूरची. तुलना म्हणून थोडंसं.

इथंही खर्च वाढावा म्हणून सरकारनं २०२२ पासून व्हॅट १० वरून ८ टक्के केलाय, मुदत पुन्हा पुन्हा वाढवत आता २०२६ अखेरपर्यंत नेलीय. त्यामुळे करकपातीचा उपाय दोन्हीकडं सारखाच. फरक मला बायकांच्या हातात दिसतो. हनोईच्या बाहेर बाक निन्ह, थाय गुयेन या भागांत मोबाईलचे प्रचंड कारखाने आहेत, आणि शिफ्ट सुटली की हजारो मुली स्कूटरवर बाहेर पडतात. मोठ्या शहरांच्या पट्ट्यात किमान वेतन २०२४ च्या जुलैपासून ४९ लाख ६० हजार डाँग झालं, आपल्या सोळा-सतरा हजार रुपयांच्या आसपास, वर ओव्हरटाईम. खेड्यातल्या आईला दर महिन्याला पैसे जातात. तिथल्या गावातल्या दुकानाची उधारी या पगारातून मिटते. सगळं गोड नाही, कारखाने परदेशी मागणीवर अवलंबून आहेत आणि ऑर्डर कमी झाली की याच मुली आधी घरी जातात. पण गोधडीताईंनी लिहिलेल्या त्या साडीच्या जागी इथं दर महिन्याचा पगार आहे, एवढं खरं.

हडपसरकर | १० डिसेंबर, रात्री १२.२०

तीन दिवस हा धागा डोक्यात आहे. मी पहिल्या प्रतिसादात जरा घाईनं लिहिलं.

सांख्यिकी ताईंनी सांगितल्यावर यंदाचा आर्थिक पाहणी अहवाल उघडला, २०२४-२५ चा. त्यातच सरकारनं लिहिलंय की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांची नोकरभरती दीड टक्क्यानं. जीडीपीच्या तुलनेत नफा पंधरा वर्षांतला सर्वाधिक. आणि महागाई वजा केल्यावर पगारदार पुरुषांची महिन्याची कमाई २०१७-१८ मध्ये १२,६६५ होती ती २०२३-२४ मध्ये ११,८५८. स्वतःचा धंदा करणाऱ्यांची ९,४५४ वरून ८,५९१. हे मला माहीत नव्हतं. मी ज्यांना पगारदार म्हणून ओळखतो ते सगळे माझ्यासारखे आहेत, आणि या सरासरीत आम्ही फार थोडे आहोत.

दुचाकींचा आकडाही शोधला, कारण वडिलांची स्कूटर मीच मध्ये आणली होती. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी ११ लाख दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ पर्यंत त्या १ कोटी ३५ लाखांच्या आसपास घसरल्या, आणि २०२४-२५ मध्ये १ कोटी ९६ लाख. म्हणजे सहा वर्षांनीही आपण तिथं पोचलो नव्हतो. दरम्यान माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठ्या गाड्यांना जागा नाही. ही दोन चित्रं एकाच देशातली आहेत हे मान्य करतो.

माझ्या स्वतःच्या घरातही बघितलं. पगाराच्या ४८ टक्के हप्त्यांत जातात: फ्लॅट, गाडी, आणि तो एसीसुद्धा. आमच्या कंपनीत यंदा माणसं कमी केली, माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा गेला. हमाल पोराच्या आणि माझ्यात फरक आहेच, माझ्याकडं सहा महिन्यांची शिल्लक आहे. पण पाच तारीख मलाही तशीच येते.

दादा, एक विचारतो. तुमच्या ९४ थकलेल्या खात्यांचं तुम्ही काय करणार? तुम्हालाही डिस्ट्रिब्युटरला पैसे द्यावे लागत असतील ना?

सीनाकाठ | १० डिसेंबर, सकाळी ६.५५

+१. हाच प्रश्न मलाबी पडला होता. आमच्या गावच्या दुकानदारानं यंदा उधारी बंद केली. त्याचा राग नाही, त्याचंही घर आहे.

मोंढ्याजवळचा | १० डिसेंबर, रात्री १०.३०

विचारलंत म्हणून सांगतो.

डिस्ट्रिब्युटरचा माल आता रोखीवर किंवा सात दिवसांवर येतो, पूर्वीसारखं महिनाभर कुणी थांबत नाही. नोव्हेंबरात मी बायकोच्या नावची एक मुदत ठेव मोडली, त्यातून तीन कंपन्यांची बिलं भरली. म्हणजे माझ्या दुकानाचा नोव्हेंबरचा माल माझ्या बचतीतून भरलाय, आणि त्या मालातला काही पुन्हा उधारीवर गेलाय. निवृत्त काकांच्या ५.१ टक्क्यांत मीही आहे, हे ठेव मोडताना बँकेतच लक्षात आलं.

९४ खात्यांतली २६ मी वेगळी काढलीत. ती माणसं देणार, फक्त वेळ लागणार. हरभरा मार्चमध्ये निघेल. ज्वारीही बरी उगवलीय, पाणी भरपूर झाल्यामुळं रब्बीला ओल चांगली आहे. पुरानं नेलं तिथं नेलं, पण वाचलेल्या रानात पेरा चांगला झालाय, हेही लिहायला हवं. ऊसतोडीला गेलेल्यांची बारा खाती आहेत. ती माणसं आता कर्नाटकात फडावर आहेत, येतील मार्च-एप्रिलला. उचल फिटून काही उरलं तर देतील. राहिलेल्यांना मी किराणा बंद केलेला नाही. कमी केलाय. तेल, मीठ, पीठ, डाळ, चहा-साखर मांडतो, बाकी रोखीवर. वडील १९८६ च्या आणि ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायचे तेव्हा म्हणायचे, मिठाला नाही म्हणू नये.

आज संध्याकाळी तो हमाल पोरगा आला होता. काउंटरवरच्या स्कॅनरवर त्यानं ३०० रुपये पाठवले, पेटीतून आवाज आला, सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकला. त्याला जरा संकोच वाटला. म्हणाला, "काका, मोंढ्यात तुरीचे कट्टे यायला लागलेत, हमाली सुरू झाली. फोनचा हप्ता गेल्यावर हे उरले." मी वहीत लिहून घेतले. बाकी २,१४० राहिले, मधल्या काळात आईनं थोडं नेलं होतं.